दोन दिवसांची परिषद, १२० माणसं, रत्नागिरी: लोक कंटाळू नयेत म्हणून काय करावं?

सातवं कपाट | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी काम करते. आमच्याकडे पुस्तकांची कपाटं सहाच. सातव्यात मी बसते असं आमचे अध्यक्ष म्हणतात, म्हणून हे नाव.

यंदा कोकणातल्या छोट्या ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांची दोन दिवसांची परिषद भरवायचं आमच्या गळ्यात पडलं आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून साधारण १२० माणसं येतील, त्यात बायका जास्त. बहुतेकांचं मानधन असं की नोंदणीचे ७०० रुपये भरतानाही घरी विचारावं लागतं. जागा मिळाली आहे: एका शाळेचं सभागृह आणि मागचं पटांगण. तारखा २४-२५ जानेवारी, शनिवार-रविवार.

समितीने पहिल्या दिवसाचा आराखडा केला तो असा. नऊला नोंदणी व चहा. दहाला दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे सत्कार, देणगीदारांचे सत्कार, स्मरणिका प्रकाशन, मनोगतं. साडेबाराला बीजभाषण. दीडला जेवण. अडीचपासून आठ निबंधांचं वाचन. साडेपाचला ठराव. सातला सांस्कृतिक कार्यक्रम. दुसरा दिवसही साधारण असाच, फक्त दीपप्रज्वलन वगळून.

मी स्वतः अशा पाच परिषदांना जाऊन आले आहे. खरं सांगू का, त्यातलं एकही भाषण आठवत नाही. एका ठिकाणी दुपारी जिन्यात बसून एका ताईंनी मला उसवलेल्या पुस्तकाचा कणा सुईदोऱ्याने कसा शिवायचा ते दाखवलं होतं. ते आजही करते. आमची माणसं परत जाताना असं काहीतरी घेऊन जावीत एवढंच मनात आहे. सुचवा.

तिरकस | ८ नोव्हेंबर, रात्री १०.३१

सत्काराला शाल की नारळ? नारळ असेल तर बरं, संध्याकाळी सोलकढीला उपयोगी पडतो.

चाकरमानी लोअर बर्थ | ८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

कार्यक्रमाचं नंतर बघू, आधी तारीख बदला. २६ जानेवारी सोमवारी येते आहे. म्हणजे लागून तीन दिवस सुट्टी, आणि अर्धी मुंबई-पुणे गणपतीपुळ्याला. लॉजचे भाव दुप्पट, गाडीला वेटिंग, महामार्गावर काय होईल ते महामार्गालाच ठाऊक. तुमच्या माणसांना राहायला खोल्या मिळणार नाहीत आणि मिळाल्या तर परवडणार नाहीत.

रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. तारीख एकदा पक्की झाली की ६० दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी सगळ्यांना आठवण करा. नाहीतर पेण-पनवेलकडची मंडळी जनरलच्या डब्यात उभी राहून येतील आणि दिवसभर डुलक्या काढतील. त्याला वक्त्याचा दोष देऊ नका मग.

भाट्याचा वारा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

तारखेला अनुमोदन. कोकणात कार्यक्रम ठरवताना पंचांग बघायलाच लागतं, शुभ मुहूर्तासाठी नाही, माणसं मिळण्यासाठी. गणपतीत कोणी नाही. शिमग्यात कोणी नाही: आचारी, मांडववाला, रिक्षावाला सगळे पालखीबरोबर. मे महिना पाहुण्यांचा. आंबेवाला एप्रिलपासून बागेत. अंगारकीला पुळ्याच्या रस्त्याला जाऊ नये. राहतो तो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. हवा पण चांगली, सकाळी शाल लागते.

त्यापुढचाच शनिवार-रविवार घ्या, ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी. रविवारी माघी पौर्णिमा आहे. का सांगतो ते ऐका.

तुम्ही पाहुण्यांना समुद्रावर नेणारच. सिंधुदुर्गातल्यांना त्याचं काही नाही, पण आतल्या, घाटाखालच्या गावांतून येतात त्यांना हौस असते. किनाऱ्यावर १२० माणसं न्यायची तर ओहोटी हवी, नाहीतर सगळे सुरूच्या झाडांना चिकटून उभे. जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा ताशी आकडा. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. ऐन संध्याकाळी पाणी वर, पुळण (किनाऱ्यावरची वाळू) गायब. चतुर्दशीला साडेदहाला भरती, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेपाचच्या सुमारास. घडीभर इकडेतिकडे होतं, पण शनिवारी संध्याकाळी साडेपाचला भाट्याच्या किनाऱ्याची पुळण मोकळी मिळेल. समोर सूर्य बुडतोय आणि पाठीमागे सुरूच्या वर चंद्र आलेला. याला भाडं पडत नाही.

पाण्यात कोणाला उतरू देऊ नका. पावलं भिजवा आणि मागे या. आमच्याकडे समुद्र दिसतो तसा नसतो.

सातवं कपाट | ९ नोव्हेंबर, दुपारी १.४८

भाट्याचा वारा, दंडवत! हे पाऊणपटीचं माझे आजोबा म्हणायचे, मला ते जुन्या काळचं काहीतरी वाटायचं. तारीख बदलायचं समितीत मांडते. अध्यक्ष म्हणतील पत्रिका छापली. छापलेली नाही, मला माहीत आहे.

घावनवाली | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

मी चौदा वर्षं जेवणाच्या ऑर्डरी घेते, शंभर-दोनशे पानांच्या. माझं म्हणणं जरा लांबेल.

पहिलं म्हणजे बुफे ठेवू नका, पंगत मांडा. बुफेत काय होतं, ज्याच्याबरोबर एसटीतून आला त्याच्याबरोबरच ताट घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. दोन दिवसांत तो आपल्याच गावच्या माणसाला भेटून परत जातो. पंगतीत शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. वाढणारा पुढे सरकेपर्यंत बोलावंच लागतं. "मीठ द्या" पासून सुरू होतं आणि ताकापर्यंत मुलाच्या लग्नाचं निघतं. मी हे डोळ्यांनी बघते दर वेळी.

गुडघे धरलेल्यांसाठी टेबलखुर्चीची पंगत. शाळेचे बाक चालतील, पण प्राथमिकचे नकोत. मोठ्या माणसाचे पाय त्यात जात नाहीत आणि गेले तर निघत नाहीत.

दुसरं, मासे. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं कोकणात रोज मासे. शनिवार अर्धे लोक पाळतात. रविवारी पौर्णिमा, ती उरलेल्यांतल्या काही बायका पाळतील. म्हणून मुख्य जेवण दोन्ही दिवस शाकाहारी करा आणि रविवारी दुपारी माशाचं बाजूला वेगळं. नोंदणीच्या कागदावरच विचारून घ्या, पण लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. (का ते तेव्हा कळेल.)

शनिवारी सकाळी घावने-चटणी आणि उपमा. उपमा नुसता नको, लोक तो घरी खातातच. दुपारी काळ्या वाटाण्यांची उसळ, वडे, भात-वरण, सोलकढी. रात्री कुळथाचं पिठलं, भाकरी, भात आणि भाजलेले पोह्याचे पापड. भाषणांनी जड झालेल्या पोटाला रात्री पिठल्यासारखं काही नाही. रविवारी खापरोळी जमली तर बघा, नारळाच्या रसाबरोबर. रायगडकडच्या पुष्कळांनी खाल्लेली नसते.

सोलकढीचा हिशेब: एका मध्यम नारळात चार-पाच वाट्या. १२० माणसांना तीस नारळ धरा, लोक दुसरी वाटी मागतातच. तांदूळ एका वेळेला बारा ते चौदा किलो.

तिसरं आणि शेवटचं. हात धुवायची सोय आधी बघून या. जेवण कितीही चांगलं झालं तरी लोक नळावरची रांग आणि संडास हेच लक्षात ठेवतात. बायका जास्त आहेत म्हणालात. शाळेतली मुलांची बाजू त्या दोन दिवसांपुरती बायकांना द्या आणि दारावर मोठा कागद लावा. बादली, मग, साबण, कडी लागते का, दिवा लागतो का, हे स्वतः आत जाऊन बघा. शिपायाला विचारलं की तो हो म्हणतो.

तिरकस | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

घावनवालींचा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून प्रत्येक आयोजन समितीच्या भिंतीवर लावावा. मी एका मोठ्या शहरातल्या परिषदेला गेलो होतो. विषय होता समाजाचं आरोग्य. कडी नव्हती.

निवृत्त मास्तर | ९ नोव्हेंबर, रात्री ८.०२

सर्वांनी सत्कारांची थट्टा केली आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. गावात संस्था पैशावर चालत नाही, मानावर चालते. सभागृह फुकट मिळालं ते कोणाच्या तरी शब्दाने. शिमग्यात मानाच्या नारळाचा क्रम चुकला तर पालखी अडते, हे आपण सगळे बघत आलो. देणगीदाराचं नाव घेतलं नाही तर पुढच्या वर्षी मांडवसुद्धा मिळायचा नाही.

पण मान द्यायला दीड तास लागतो हे मलाही पटत नाही. आम्ही शाळेत असताना एक केलं होतं. सत्कार उद्घाटनात न करता जेवणाच्या आधी, पंगत बसल्यावर केले. ताटं वाढलेली, वास सुटलेला. एकही सत्कारमूर्ती दोन मिनिटांच्या वर बोलला नाही.

तिरकस | ९ नोव्हेंबर, रात्री ८.०९

मास्तर, तुम्ही क्रूर आहात. +१

ओली पानं | १० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

आठ निबंध सलग वाचले जाणार असतील तर मी आत्ताच झोपते. त्याऐवजी एक सुचवू?

मी चिपळूणची. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ची. २००५च्या पुरात आणि पुन्हा २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हा शहरातल्या कितीतरी घरांतली, संस्थांमधली पुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर मी स्वयंसेवक म्हणून चिखल काढायला होते. त्या दोन-तीन दिवसांत आम्ही अज्ञानाने जी पुस्तकं घालवली ती पुराने घालवलेल्यांपेक्षा कमी नसतील. उन्हात पसरली, उघडून बघितली, एकावर एक दाबून ठेवली. सगळं चूक.

तुमच्याकडे येणारं प्रत्येक वाचनालय खाडीकाठी, नदीकाठी नाहीतर गळक्या कौलांखाली आहे. पूर नको, नुसता आपला जुलै पुरतो. तेव्हा शनिवारी दुपारी, जेवणानंतर, जेव्हा झोप येते तेव्हा, सगळ्यांना पटांगणात काढा. बादल्या ठेवा, रद्दीतली जुनी गाइडं घ्या, पाण्यात बुडवा आणि वाचवायला लावा.

काय शिकवायचं ते थोडक्यात. बुरशी दोन दिवसांत धरते, म्हणून पहिले ४८ तास महत्त्वाचे. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकं धुवायचं, घासायचं नाही. ओलं असताना उघडायचं नाही, कणा तुटतो. पाणी निथळलं की वीसेक पानांआड टिपकागद किंवा न छापलेला वर्तमानपत्री कागद घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. छापलेलं वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई पुस्तकात उतरते. मग पुस्तक उभं करून, पानं पंख्यासारखी किंचित उघडी, सावलीत वाऱ्यावर. पंखा खोलीत फिरू दे, थेट पुस्तकावर नको. ऊन नाही, इस्त्री नाही. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं मात्र वाळताना पानाला पान चिकटून वीट होते. ती पुस्तकं ओली असतानाच बाकीच्यांतून बाजूला काढायची.

आणि सगळ्यांना पुरे पडणं शक्य नसेल तेव्हा गोठवायची. हो, फ्रीझरमध्ये. पिशव्यांत बांधून गोठवली की बुरशी थांबते आणि मग महिनाभराने एकेक काढून वाळवता येतात. पुस्तक वाचवणाऱ्यांची ही जगभरची रीत आहे. आणि फ्रीझर कुठे शोधायचा हे कोकणात कोणाला सांगावं लागू नये.

तिरकस | १० नोव्हेंबर, सकाळी ११.५२

सुरमईशेजारी ज्ञानकोश. वाचक म्हणेल, या खंडाला वास का येतो.

ओली पानं | १० नोव्हेंबर, दुपारी १२.१०

दोन पिशव्यांत बांधा. :) आणि बुरशीपेक्षा वास परवडला.

रोजचा उशीर | १० नोव्हेंबर, दुपारी ४.४४

एक दिवस सहल ठेवणार असाल तर विजयदुर्ग करा. तिथे १८६८ साली हेलियमचा शोध लागला, ग्रहण बघायला बांधलेले साहेबाचे कट्टे अजून आहेत. शास्त्र, इतिहास, समुद्र सगळं एकत्र.

शंका_समाधान | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.१५

अवांतर, पण ग्रंथालयवाल्यांपुढे हे कोणी माईकवरून सांगू नये म्हणून लिहितो. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण खरं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, त्याने निरीक्षण केलं. लॉकियर, ज्याचं नाव आपल्याकडे कट्ट्यांशी जोडतात, तो इंग्लंडमध्येच होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्ग बघायला शंभर कारणं आहेत, हे त्यातलं धरू नये. शिवाय रत्नागिरीहून जाऊन येऊन दिवस मोडतो.

ग्रंथपालांना दाखवायचं तर शहरातच आहे की! रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८चं. आणि हौशी मंडळींना रविवारी पहाटे एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कातळशिल्पं दाखवा. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. सकाळची तिरपी उन्हं असतानाच रेषा उठून दिसतात, दहानंतर जांभा तापतो आणि चित्रही दिसत नाही. पण सक्ती नको. तीस-चाळीस जण आले तर छान, बाकीच्यांना झोपू द्या. चप्पल घालून शिल्पावर चालायचं नाही हे बसमध्येच सांगा.

भाट्याचा वारा | १० नोव्हेंबर, सायंकाळी ७.३०

बाकीच्यांना झोपू द्या याला माझं विशेष अनुमोदन. मोकळा वेळ म्हणजे आयोजनातली चूक असं समिती समजते.

झारापचो झील | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

दीपप्रज्वलन कित्याक? वाऱ्यान वात इझता, मगे तीन पावणे काडेपेटी शोधतत. आपल्याकडे देवाक गाऱ्हाणा घालूची रीत आसा मां! गावातल्या कोणा जाणत्याक सांगा. नसलो कोण तर ह्या घेवा, मी लिवलंय:

"बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या म्हाराजा, आज ही तुझी लेकरां कपाटांच्यो चाव्यो शेजाऱ्याकडे ठेवन ह्या मांडवात जमली हत, त्येंका सुखात ठेव रे म्हाराजा!" (व्हय म्हाराजा!)

"जो कोण 'दोनच शब्द बोलतंय' म्हणान माईक धरीत आणि अर्ध्या तासात सोडूचो नाय, त्येच्या माईकचो सेल उतरव रे म्हाराजा!" (व्हय म्हाराजा!)

"जेणा कोणा पुस्तक नेल्यान आणि तीन वर्सा परत दिल्यान नाय, त्येका रोज राती त्याच पुस्तकाचा सपान पाड रे म्हाराजा!" (व्हय म्हाराजा!)

"वाळवेक कपाटाची वाट चुकव, वाचकाक वाचनालयाची वाट दाखव, आणि वाढणाऱ्याच्या हाताक उसळीचो डाव मोठो दी रे म्हाराजा!" (व्हय म्हाराजा!)

सगळ्यांनी मोठ्यान व्हय म्हाराजा म्हणूक व्हया. एकदा एवढ्या मोठ्यान आरडलो की माणूस मगे लाजणा नाय.

निवृत्त मास्तर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

पोटात दुखेपर्यंत हसलो. शेवटचं वाक्य मात्र शिक्षकाने वहीत लिहून ठेवावं असं आहे.

सातवं कपाट | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५५

समितीची बैठक झाली. तारीख बदलली, ३१-१. अध्यक्ष गाऱ्हाण्यावर खूश, कारण ते स्वतःच घालणार आहेत. सत्कार पंगतीत. निबंधांवरून भांडण झालं. ज्यांनी लिहिलेत ते म्हणतात वाचणारच. काय करू?

शंका_समाधान | १६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

निबंध छापून आधीच द्या आणि प्रत्येकाला सहा मिनिटं. जपानमध्ये पेचाकुचा नावाची रीत आहे, २००३ साली टोकियोत सुरू झाली: २० चित्रं, प्रत्येकाला २० सेकंद, चित्र आपोआप पुढे सरकतं. एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. तुमच्याकडे चित्रांची गरज नाही, शाळेची घंटा आहे. ती वाजवायला चौथीतला मुलगा बसवा. मोठ्या माणसाला भीड पडते, त्याला पडत नाही.

आणि रविवारी सकाळचे दोन तास पूर्ण रिकामे ठेवा. हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी मोठी परिषद भरवली, लोक म्हणाले चहाची सुट्टी सर्वांत छान होती. मग त्यांनी १९८५ साली अख्खी सभाच चहाच्या सुट्टीसारखी करून टाकली. एक फळा ठेवायचा. ज्याला जे बोलायचंय त्याने विषय आणि झाडाखालची जागा लिहायची. ज्याला ऐकायचंय तो तिथे जातो, कंटाळा आला की उठून दुसऱ्या झाडाखाली. तुमचा तो जिना आठवा. जिना मुद्दाम बांधायचा, एवढंच.

चाकरमानी लोअर बर्थ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१२

३० जानेवारीच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण १ डिसेंबरला उघडेल. स्टेशन गावाबाहेर आहे, पहाटे रिक्षाशी घासाघीस करायला लावू नका. एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि हातात फलक धरलेला जागा माणूस एवढं ठेवा. एसटीने येणाऱ्या ताईंना अर्धं तिकीट आहेच. पण रविवारी समारोप पाचला ठेवलात तर आतल्या गावांची गाडी चुकेल. प्रत्येकाची परतीची गाडी नोंदणीतच लिहून घ्या आणि तीनला संपवा. शेवटची एसटी डोळ्यापुढे असलेल्या माणसाला ठराव ऐकू येत नाहीत. उपस्थितीचे दाखलेही रविवारी सकाळीच वाटा, बऱ्याच जणांना ते दाखवल्याशिवाय रजा मिळत नाही.

घावनवाली | १७ नोव्हेंबर, सकाळी १०.००

भेट म्हणून कोकम आगळाची बाटली देऊ नका. एसटीत झाकण निघतं आणि साड्या जातात. आमसुलं द्या, पाव किलोची पुडी, वर गावातल्या बचत गटाचा पत्ता. फणसपोळी पण चालेल.

पंगतीचे गट पाडायला चिठ्ठ्या काढणार असाल तर माशांची नावं ठेवू नका, कोणीतरी रुसतं. फणस, काजू, रातांबा, करवंद, जांभूळ ठेवा.

सातवं कपाट | ३ फेब्रुवारी, रात्री ११.१८

झालं एकदाचं! आवाज बसलाय, म्हणून टाइप करते.

११७ जण आले. प्रमुख पाहुण्यांना यायला पावणेदोन तास उशीर झाला. कोण ते विचारू नका. समितीतले दोघे म्हणाले थांबू या. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, पटांगणात गेले आणि दहाच्या ठोक्याला गाऱ्हाणं सुरू केलं. "माईकचो सेल उतरव" ला जो व्हय म्हाराजा झाला तो रस्त्यावर ऐकू गेला, चार रिक्षावाले आत डोकावले. पाहुणे आले तेव्हा आम्ही निबंधांवर होतो. घंटेवर बसवलेला पोरगा नंतर त्यांच्या भाषणालाही घंटा वाजवून मोकळा झाला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ती फक्त निबंधांसाठी आहे. पाहुणे हसले, बसले. मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं.

ओल्या पुस्तकांचा तास दोन तास चालला. टिपकागद वीस मिनिटांत संपला. एका छापखान्यातून कोऱ्या कागदाच्या रिळाचे उरलेले तुकडे आणले, तेच खरे कामाला आले. मुद्दाम एक जाड चकचकीत कागदाचं जुनं मासिक बुडवून उन्हात ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याची वीट सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. ती वीट एक ताई मागून घेऊन गेल्या, वाचनालयात टेबलावर ठेवणार म्हणाल्या.

भाट्याचा वारा, तुमची पुळण अगदी वेळेवर मोकळी झाली. तिथे काही खेळ घ्यायचं ठरलं होतं, ओळख वाढवायचे वगैरे. खेळ घेणारी मुलगी तयारीनिशी उभी होती. पण लोक चालतच सुटले, दोघे-तिघे मिळून पार टोकापर्यंत, आणि परत बोलवावंसं वाटेना. तिला मी शेंगदाणे दिले.

रविवारचा फळा नऊ वाजता कोरा होता. साडेनऊला कोरा. माझ्या पोटात गोळा. मग देवगडकडच्या एका काकांनी खडू घेतला आणि लिहिलं: "वाचक पुस्तक देत नाही. घरी जाऊन मागावे का? (चिंचेखाली)". दहा मिनिटांत चौदा विषय झाले, जागा पुरेना. चिंचेखाली सर्वांत मोठा घोळका. निर्णय असा झाला म्हणे की पुस्तक मागायला नाही, नवीन पुस्तक घेऊन जायचं. जुनं आपोआप निघतं.

चुकलेलं पण सांगते. पटांगणाच्या बाजूला नळ दोनच होते, मी मोजलेच नव्हते, घावनवालींनी सांगूनसुद्धा. पहिल्या पंगतीला हात धुवायची रांग पाऊण तास. रात्री पिंपाला तोट्या बसवून घेतल्या. माशाचं नोंदणीत ३८ जणांनी लिहिलं होतं, जेवले ७१. पौर्णिमा पाळणाऱ्यांतल्या काही जणी "रस्सा चालतो" म्हणाल्या. दाखल्यांवर वाटदच्या ताईंना वाटूळ लावलं आणि वाटूळच्यांना वाटद. त्या दोघी आता फोनवर बोलतात. कातळशिल्पांना ४४ जण आले, बस एकच होती ३२ची, बाकीचे अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या टेम्पोतून.

खर्च ताळ्यात राहिला, नऊशे रुपये उरले. त्यातून टिपकागद घेणार.

घावनवाली | ४ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

सांगितलं होतं ना, लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. ३८ म्हणजे ७० धरायचे.

ओली पानं | ४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

त्या विटेचा फोटो मिळेल का?

झारापचो झील | ४ फेब्रुवारी, सकाळी ९.४१

सेल उतरलो की नाय ता सांगा आधी.

सातवं कपाट | ४ फेब्रुवारी, दुपारी २.०५

उतरला! समारोपाच्या आभारात. अध्यक्षांचाच.

फोटो रात्री टाकते. एक राहिलं: सभागृहात एक चष्मा, आमसुलांच्या तीन पुड्या आणि एक स्टीलचा डबा सापडलाय. डब्याच्या झाकणावर "सु. ग." कोरलंय. कोणाचा?

पहिल्यांदाच लिहिते | ४ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३३

डबा माझ्या सासूबाईंचा. आत काय होतं ते बघू नका, तसंच टाकून द्या. डबा मात्र वस्तीच्या गाडीला कंडक्टरकडे द्या, मी नाक्यावर येते.